विवाह व कुटुंब समुपदेशनाचे शिक्षण आणि ख्रिस्ती संस्थांची परंपरा : जामनेर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

विवाह व कुटुंब समुपदेशन ही विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आलेली ज्ञानशाखा आहे. तिच्या शिक्षणात जगभर ख्रिस्ती महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात या कार्यासाठी लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ समाजकार्य शिक्षणातून घडले आणि त्या शिक्षणाच्या मुळाशीही ख्रिस्ती संस्था व व्यक्ती आहेत. विवाह पवित्र व अभंग मानणाऱ्या परंपरेत राहून, ज्याचा विवाह मोडू पाहत आहे अशा व्यक्तीला साहाय्य करण्यास कसे शिकावे, हा या शिक्षणातील कळीचा प्रश्न आहे. घर टिकवण्यास सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या खानदेशातील समाजापुढेही तोच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या शिक्षणाचे स्वरूप स्पष्ट करून जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्यातून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विवाह समुपदेशन, कुटुंब उपचारपद्धती, समाजकार्य शिक्षण, समेट, खानदेश.

१. प्रस्तावना :

खानदेशात आखाजीचा सण लेकीबाळींचा मानला जातो. अक्षय्य तृतीयेला सासरी नांदणाऱ्या मुली माहेरी येतात, त्यांना आणण्यासाठी मुराळी जातो. एखाद्या वर्षी मुराळी रिकाम्या हाताने परतला, तर त्या घरात काहीतरी बिनसले आहे हे गावाला कळते. त्यानंतर भाऊबंद जमतात, मध्यस्थ ठरतो, बैठक होते, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे होते आणि बहुतेक वेळा मुलगी पुन्हा नांदायला जाते. या व्यवस्थेने अनेक संसार सावरले आहेत. मात्र त्या बैठकीत जिच्या संसाराविषयी बोलणे चालले आहे ती स्त्री बहुधा आतल्या खोलीत असते, हेही तितकेच खरे आहे.

मराठीतील ‘नांदवणे’ हे क्रियापद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. स्त्री नांदते आणि पुरुष तिला नांदवतो. ‘नांदते का?’ हा प्रश्न मुलीविषयी विचारला जातो, मुलाविषयी नाही. भाषेतच रुजलेली ही दृष्टी बाजूला ठेवून पती, पत्नी, मुले व वडीलधारी माणसे या सर्वांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याचे शास्त्र म्हणजे विवाह व कुटुंब समुपदेशन होय. हे शास्त्र शिकवले कसे जाते, ख्रिस्ती संस्थांचा त्यात सहभाग कसा आला आणि त्या अनुभवाचा खानदेशातील महाविद्यालयांना कोणता उपयोग आहे, या तीन मुद्द्यांभोवती पुढील विवेचन केले आहे.

२. समेट, सल्ला आणि समुपदेशन :

व्यवहारात हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. अभ्यासाच्या दृष्टीने त्यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.

समेटाचा हेतू तंटा मिटवणे हा असतो. मध्यस्थाचे वय, प्रतिष्ठा व नाते यांवर समेटाचे बळ अवलंबून असते. सल्ल्यामध्ये जाणती व्यक्ती काय करावे ते सांगते. समुपदेशनात निर्णय सांगितला जात नाही. संबंधित व्यक्तींना आपली परिस्थिती नीट पाहता यावी, एकमेकांशी बोलता यावे आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, यासाठी प्रशिक्षित व्यक्तीने गोपनीयता राखून दिलेले साहाय्य म्हणजे समुपदेशन. कुटुंब उपचारपद्धती ही त्यापुढची पायरी आहे. तीत एका व्यक्तीच्या त्रासाकडे संपूर्ण कुटुंबाच्या परस्परसंबंधांचा भाग म्हणून पाहिले जाते आणि ते संबंध बदलण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला जातो.

समेट यशस्वी झाला की नाही, हे घर टिकले का यावरून ठरते. समुपदेशनाचे यश ठरवताना त्या घरातील माणसे सुरक्षित आहेत का आणि मोकळेपणाने बोलू शकतात का, हे पाहावे लागते. पुष्कळदा या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सारखी येतात. ती जेव्हा वेगळी येतात, तेव्हाच प्रशिक्षणाची खरी कसोटी लागते.

३. ज्ञानशाखेची घडण :

अमेरिकेत विवाह समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना १९४२ मध्ये स्थापन झाली. १९५४ ते १९५९ या काळात मरे बोवेन यांनी तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णासोबत त्याच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात ठेवून त्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. व्हर्जिनिया सटीर यांनी कुटुंबातील संवादाच्या रीतींवर भर दिला. साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबाची रचना व तीमधील सीमारेषा यांचा विचार मांडला. कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये या व्यवसायासाठी परवाना पद्धती सुरू केली. पुढे ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत आली. परवान्यासाठी पदव्युत्तर पदवी व अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम अनिवार्य झाल्याने महाविद्यालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. ख्रिस्ती शिक्षणसंस्था त्यात मागे नव्हत्या. कॅलिफोर्नियातील फुलर या धर्मशास्त्रीय संस्थेने १९६५ मध्ये मानसशास्त्राची शाखा सुरू केली आणि पुढे त्याच शाखेत विवाह व कुटुंब उपचारपद्धतीचे शिक्षणही देऊ लागली.

भारतात कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची कल्पना पाश्चात्त्यांच्या अनुकरणातून आली, असे मानण्याचे कारण नाही. १९५० च्या दशकात अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहण्यास बोलावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत नातेवाइकाने राहण्याची पद्धत रूढ झाली. पुढे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत कुटुंब मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग विकसित झाला. एक मूलभूत फरक मात्र राहिला. भारतात विवाह व कुटुंब उपचारक म्हणून स्वतंत्र परवाना नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते व समुपदेशक यांच्या काही वर्गांचा समावेश आहे. परिणामी, आपल्याकडे हे काम करू इच्छिणारा विद्यार्थी मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी एका वाटेने येतो.

४. महाराष्ट्रातील परंपरा :

महाराष्ट्रात समाजकार्याची वाट आधी तयार झाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ट यांनी मुंबईच्या नागपाडा भागात नेबरहूड हाऊस चालवले. गरीब वस्तीतील कुटुंबांसोबत काम करण्यास सद्‌भावना पुरेशी नाही, त्यासाठी शिक्षण हवे, हा विचार त्यांच्या कामाच्या मुळाशी होता. त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि मॅनशर्ट त्याचे पहिले संचालक झाले. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. ही संस्था धार्मिक नव्हे. तिचा उगम मात्र एका मिशनरी कार्यकर्त्याच्या अनुभवात आहे आणि स्थापनेपासून तिने सर्वधर्मीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात घ्यावयास हव्यात.

१९५५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या कॅथलिक भगिनीसंघाने मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या सी. एस. आर. डी. या केंद्रात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने नगरचे उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण तेथील विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य दुष्काळी गावे, ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर आणि शेतकरी कुटुंबे यांच्याशी जोडलेले असते.

या शिक्षणाला शासकीय पातळीवर स्थान मिळाले ते १९८४ मध्ये. त्या वर्षी संसदेने कौटुंबिक न्यायालय अधिनियम संमत केला. त्यातील कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे आणि कलम ९ अन्वये तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे कौटुंबिक न्यायालये सुरू झाली आणि विवाह समुपदेशक हे न्यायालयीन व्यवस्थेचे अंग बनले. समुपदेशकासमोर पक्षकारांनी केलेली विधाने गोपनीय मानली जातात, हे तत्त्वही नियमांनी स्वीकारले. १९८४ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही उघडण्यात आले. थोडक्यात, नागपाड्यातील वस्तीत सुरू झालेल्या शिक्षणाची वाट पन्नास वर्षांत न्यायालय व पोलीस ठाणे यांपर्यंत पोहोचली.

५. अभ्यासक्रमाचे स्वरूप :

संस्था कोणतीही असो, या विषयाच्या शिक्षणाचे चार घटक सर्वसाधारणपणे आढळतात.

(अ) सिद्धान्त : कुटुंब ही परस्परावलंबी व्यवस्था आहे, हे यातील मूळ सूत्र. बोवेन यांची ‘त्रिकोण’ ही संकल्पना खानदेशातील घरांनाही लागू पडते. दोन व्यक्तींमधील ताण असह्य झाला की तिसरी व्यक्ती त्यात ओढली जाते. आखाजीचेच कल्पित उदाहरण घेऊ. ‘सासू सुनेला माहेरी पाठवत नाही’ अशी तक्रार समोर येते. चर्चा पुढे गेल्यावर लक्षात येते की मुलगा कामासाठी सुरतेला राहतो, पैसे आईच्या हाती देतो आणि बायकोशी पैशांविषयी बोलणे टाळतो. पतीपत्नींमधील न झालेले संभाषण सासू-सुनेच्या भांडणाच्या रूपाने बाहेर पडते. केवळ सासूची समजूत घातली तर पुढच्या आखाजीला तोच प्रसंग पुन्हा उभा राहील. मिनुचिन यांच्या भाषेत येथे पतीपत्नींच्या नात्याभोवती स्पष्ट सीमारेषा नाही. ती आखणे म्हणजे एकत्र कुटुंब मोडणे नव्हे. कोणत्या गोष्टी दोघांनी ठरवाव्यात आणि कोणत्या सर्वांनी मिळून, एवढे स्पष्ट होणे पुरेसे असते.

(आ) कुटुंबाचा आलेख : तीन पिढ्यांतील व्यक्ती, नाती, मृत्यू, स्थलांतर, अबोला व जवळीक ठरावीक चिन्हांनी कागदावर मांडली जातात. कुणाच्या तरी खासगी आयुष्याला हात न लावता हा सराव करण्यासाठी मराठीत एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पतीपत्नींची ताटातूट झाली. दोन्हीकडचे नातेवाईक, लहान मुलगा, जातीचे बंधन आणि पतीची श्रद्धा यांच्यामध्ये लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. या कुटुंबाचा आलेख काढताना विद्यार्थ्याला दिसते की येथे पुनर्मीलन घडले ते दबावाने नव्हे, तर एका व्यक्तीला तिचा वेळ मिळाल्यामुळे. ख्रिस्ती महाविद्यालयात हे पुस्तक श्रद्धेची साक्ष म्हणून वाचले जाईल, तर समुपदेशनाच्या वर्गात ते विवाहातील स्वनिर्णयाचा दाखला ठरेल.

(इ) क्षेत्रकार्य व देखरेख : हा शिक्षणाचा कणा आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्यातील साधारण दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी राखलेले असतात. विद्यार्थी भेटीचा तपशीलवार वृत्तान्त लिहितो आणि मार्गदर्शक प्राध्यापक व्यक्तिगत व गटचर्चेत तो तपासतात. पक्षकार काय बोलला याबरोबरच विद्यार्थ्याने कोठे घाईने मध्ये बोलणे केले, कोणाची बाजू नकळत घेतली, कोणत्या प्रश्नाला तो बिचकला, याची चर्चा होते. पाठ्यपुस्तक वाचून ही दृष्टी येत नाही.

(ई) कायदा व नीतितत्त्वे : विवाहविषयक कायदे, पोटगी, बालकांचा ताबा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण आणि गोपनीयतेच्या मर्यादा यांचा यात समावेश होतो. जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयता पाळून गप्प राहता येत नाही, हेही शिकावे लागते.

६. श्रद्धा आणि व्यावसायिक बांधिलकी :

ख्रिस्ती परंपरेत विवाह हा देवासमोर केलेला आजीवन करार आहे आणि कॅथलिक पंथात तो संस्कार मानला जातो. विवाहपूर्व तयारीला तेथे विशेष महत्त्व आहे. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेने ही तयारी करून देणे धर्मगुरूंचे कर्तव्य ठरवले आहे. भांडण विकोपाला गेल्यावर मध्यस्थ शोधण्यापेक्षा लग्नाआधीच पैसा, नातेवाईक, अपत्ये व मतभेद यांविषयी वधूवरांना बोलते करणे, हा या परंपरेचा सर्वधर्मीयांना उपयोगी पडणारा वारसा आहे.

अडचण येते ती विवाह मोडकळीस आल्यावर. विवाह अभंग आहे असे मानणारा समुपदेशक मार खाणाऱ्या स्त्रीला ‘आणखी थोडे सहन कर’ असे सांगेल का? आणि तसे सांगितले तर होणाऱ्या इजेची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला बगल देणारे शिक्षण अपुरे ठरते. त्याचे उत्तर तीन स्तरांवर शोधावे लागते.

पहिला स्तर खुद्द धर्मविचाराचा. पतीपत्नींपैकी एकाकडून दुसऱ्याच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्याचे कारण १९८३ च्या संहितेतच मान्य केले आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात काही परिस्थितींत विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरू शकते, असे प्रतिपादन आहे. म्हणजे ‘धर्म सांगतो म्हणून परत जा’ हे विधान धर्माच्या अंगानेही अचूक नाही.

दुसरा स्तर कायद्याचा. १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमाने ख्रिस्ती पत्नीवर पतीपेक्षा कठोर अटी लादल्या होत्या. केवळ क्रूरता किंवा परित्याग या कारणावरून तिला घटस्फोट मिळत नसे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने यातील भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ च्या दुरुस्तीने स्त्रीपुरुषांसाठी समान कारणे व परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद आली. या बदलाच्या मागणीत ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना अग्रभागी होत्या. यावरून श्रद्धा व न्याय यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज नाही, हे स्पष्ट होते.

तिसरा स्तर व्यवसायाच्या नीतितत्त्वांचा. विवाह, विभक्तता, घटस्फोट, पुन्हा एकत्र येणे व मुलांचा ताबा यांविषयीचे निर्णय पक्षकारांचे असतात आणि ही जाणीव त्यांना स्पष्टपणे करून द्यावी, असे अमेरिकेतील विवाह व कुटुंब उपचारकांच्या संघटनेची आचारसंहिता सांगते. ख्रिस्ती महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही हेच शिकवले जाते. त्याने आपली श्रद्धा सोडावी अशी अपेक्षा नसते. आपली श्रद्धा कोणती आहे हे ओळखून ती पक्षकारावर लादली जाणार नाही, याची दक्षता त्याने घ्यावी, एवढेच अपेक्षित असते. ज्याला आपले मत आहे हेच ठाऊक नसते, तो स्वतःला तटस्थ समजून ते मत अधिक जोराने लादतो. या दृष्टीने, स्वतःच्या मूल्यांविषयी उघडपणे बोलणारी संस्था विद्यार्थ्याला आत्मपरीक्षणाची चांगली संधी देऊ शकते, मात्र त्या मूल्यांना प्रश्न विचारण्याची मुभा वर्गात असली पाहिजे.

भारतीय संविधानाने याबाबत एक मर्यादाही घातली आहे. अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. त्याच वेळी अनुच्छेद २८ नुसार राज्याने मान्यता दिलेल्या वा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे अशा महाविद्यालयात शिकणारा हिंदू, बौद्ध वा मुस्लिम विद्यार्थी व्यावसायिक शिक्षण घेतो. धर्माचरण त्याच्यावर बंधनकारक नसते.

७. जामनेर परिसराचा संदर्भ :

जामनेर हा जळगाव जिल्ह्यातील कांग नदीकाठचा तालुका. लेवा पाटील, मराठा, बंजारा, तडवी, मुस्लिम व बौद्ध अशा विविध समाजांचे वास्तव्य, कापूस-केळीची शेती आणि तावडी बोली ही या भागाची ओळख. घरगुती तंटे ऐकण्याच्या येथील रीतीही विविध आहेत. बंजारा तांड्यात नायक व नसाब यांना मान आहे. लेवा पाटीदार समाजात यावल तालुक्यातील पाडळसे येथील भोरगाव लेवा पंचायत व ‘कुटुंबनायक’ हे पद परिचित आहे. इतर समाजांत भाऊबंद व गावातील प्रतिष्ठित हे काम करतात.

या व्यवस्थांना केवळ मागास म्हणून झिडकारणे योग्य नाही. त्या जवळ आहेत, बिनखर्चाच्या आहेत, घराची तीन पिढ्यांची माहिती त्यांना आहे आणि त्यांचे बोलणे लोकांच्या बोलीत चालते. परंतु त्यांची बलस्थाने हीच त्यांच्या मर्यादाही आहेत. पंच हा नात्यातला असतो. बैठक सर्वांसमक्ष होते, त्यामुळे गोपनीयता राहत नाही. घराची अब्रू जपण्याच्या ओढीत मारहाणीसारखी गोष्ट ‘भांड्याला भांडे लागणारच’ म्हणून बाजूला सारली जाते. समाजाचा निर्णय न मानणाऱ्यावर बहिष्कार घालणे हा तर महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमाने गुन्हा ठरला आहे.

येथे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची तुलना उद्बोधक ठरते. २००५ च्या या अधिनियमातील कलम १४ अन्वये न्यायदंडाधिकारी पक्षकारांना एकेकटे किंवा एकत्रितपणे समुपदेशनासाठी पाठवू शकतात. २००६ च्या नियमांनुसार प्रकरणाशी हितसंबंध असलेली वा पक्षकारांच्या नात्यातील व्यक्ती समुपदेशक म्हणून चालत नाही. तसेच ‘तिने असे केले म्हणून हात उचलला’ असे हिंसेचे समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात करता येत नाही आणि ही गोष्ट त्याला आरंभीच सांगावी लागते. गावातील बैठक आणि प्रशिक्षित समुपदेशन यांतील अंतर या दोन नियमांत सामावले आहे. बैठकीत मारण्याचे कारण विचारले जाते. समुपदेशनात त्या कारणाला जागा नाही.

कौटुंबिक न्यायालये प्रामुख्याने मोठ्या शहरांत व जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तालुक्यातील पक्षकार सर्वसाधारण न्यायालयात जातात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ नुसार तेथेही समेटाचा प्रयत्न करणे अपेक्षित आहे. मात्र स्वतंत्र समुपदेशक नसेल तर ते काम न्यायाधीशांच्या मोजक्या वेळात उरकावे लागते. प्रशिक्षित व्यक्तींची उणीव सर्वाधिक जाणवते ती याच ठिकाणी.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. समुपदेशनाची पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि त्यांत भावनांना नावे देण्यावर भर आहे. ग्रामीण स्त्री आपले दुःख अनेकदा शरीराच्या भाषेत सांगते : जीव घाबरा होतो, डोके बधिर होते, घरात मन लागत नाही, अन्न गोड लागत नाही. हे ऐकून तिला केवळ शक्तीचे औषध घेण्यास सांगणारा समुपदेशक तिचे बोलणे ऐकत नाही. तावडी, अहिराणी व गोरमाटी बोलणारे विद्यार्थी या व्यवसायात आले, तर पक्षकाराला आपले दुःख आधी प्रमाणभाषेत आणण्याचे कष्ट पडणार नाहीत. खानदेशातील विद्यार्थ्याचे हे बलस्थान आहे.

८. महाविद्यालयांसाठी काही दिशा :

जामनेर परिसरातील प्रत्येक महाविद्यालयाने विवाह समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा, असे सुचवणे अव्यवहार्य ठरेल. उपलब्ध चौकटीत पुढील गोष्टी शक्य आहेत.

१) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी स्तरावर क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. समाजशास्त्र व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याअंतर्गत साहित्यकृतींवर आधारित कुटुंब आलेख, आखाजीसारख्या प्रथांचा अभ्यास, कायदेविषयक माहितीचे संकलन असे विषय देता येतील. प्रत्यक्ष समुपदेशन मात्र पदवीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवू नये.

२) कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रात जळगाव येथे लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय आहे. क्षेत्रकार्य व देखरेखीच्या पद्धतीबाबत अशा संस्थांशी आणि नगर-मुंबईच्या जुन्या संस्थांशी अध्यापकांची देवाणघेवाण होऊ शकते.

३) अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी धर्मनिरपेक्ष विवाहपूर्व संवादवर्ग घेता येतील. पैसा, सासर-माहेर, अपत्य, नोकरी व मतभेद या पाच विषयांवर मुलामुलींनी लग्नापूर्वी विचार केला, तर पुढील अनेक बैठका टळतील.

४) महाविद्यालयातील महिला तक्रार निवारण व समुपदेशन कक्षांत काम करणाऱ्या अध्यापकांना किमान तीन गोष्टींचे प्रशिक्षण द्यावे : गोपनीयता, धोक्याची चिन्हे ओळखणे आणि आपल्या मर्यादेपलीकडील प्रकरण संरक्षण अधिकारी, वैद्यकीय तज्ज्ञ वा विधी सेवा समितीकडे पाठवणे.

५) गावपंच, नायक व समाजाचे पदाधिकारी यांच्याशी संवाद साधून हिंसाचाराची तक्रार असलेली प्रकरणे समेटाच्या बैठकीत न घेण्याविषयी सहमती घडवण्याचा प्रयत्न करावा.

९. समारोप :

महाराष्ट्रातील विवाह व कुटुंब समुपदेशनाच्या शिक्षणात ख्रिस्ती संस्थांनी एक महत्त्वाचा धडा दिला आहे. साहाय्य करण्याची इच्छा श्रद्धेतून येऊ शकते. साहाय्य करण्याची पात्रता मात्र अभ्यास, देखरेख व आत्मपरीक्षण यांतूनच येते. विवाहाला पवित्र मानणारी परंपराही, विवाहाच्या नावाखाली माणसाचा बळी जाऊ नये, या निष्कर्षापर्यंत पोहोचली आहे. संसाराला तितक्याच आस्थेने जपणाऱ्या खानदेशाने या अनुभवाकडे परक्याचा म्हणून पाहू नये. भाऊबंदांची आस्था आणि प्रशिक्षित समुपदेशकाची शिस्त यांची सांगड घातली गेली, तर मुराळी रिकाम्या हाताने परतलेल्या घराविषयी जी बैठक भरेल, तीत आतल्या खोलीतील स्त्रीचे म्हणणे सर्वांत आधी व एकांतात ऐकले जाईल. असे ऐकून घेणारी माणसे घडवणे हे या भागातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील कार्य आहे.